आठ मीटरवरचा डोळा

कायद्यात एक डोळा आहे. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत हेडलाइटच्या झोताविषयी जे लिहिलंय, त्यात तो भेटतो. दिव्यापासून पुढे 8 मीटर, उजवीकडे अर्धा मीटर, जमिनीपासून दीड मीटर वर. एवढ्या जागी ज्याचा डोळा असेल अशा कोणालाही दिपवणार नाही इतका झोत खाली वळलेला पाहिजे, किंवा चालकाला तो तसा वळवता आला पाहिजे. डोळा कोणाचा, हे नियम सांगत नाही. तो माणूस गाडीत बसलाय की चालतोय, त्याला मोतीबिंदू आहे का, त्या क्षणी तिथे कोणी आहे तरी का, याची नियमाला पर्वा नाही.

माझा धंदाच डोळ्यांचा, म्हणून हे वाचल्यापासून ते डोक्यातून जात नाही. बडोद्यात निजामपुऱ्याला माझं चष्म्याचं दुकान आहे. लग्न होऊन आले तेव्हा सासरची मंडळी दांडिया बाजारात राहायची. नंतर आम्ही इकडे आलो आणि दुकानही इथेच टाकलं. दीड मीटर म्हणजे चार फूट अकरा इंच. डोळा तेवढ्या उंचीवर यायचा तर माणूस पाच फूट तीन-चार इंचांचा आणि उभा हवा. मोटारीत बसलेल्याचा डोळा बराच खाली येतो, ट्रकवाल्याचा बराच वर. नियम लिहिणाऱ्यांनी असा हिशेब केला असेल-नसेल, पण मला तरी तो रस्त्याच्या कडेने पायी जाणाऱ्या एखाद्या मध्यम उंचीच्या माणसाचा डोळा वाटतो. त्याच्याकडे गाडी नाही, दिवाही नाही.

माझ्याकडे येतात ती या डोळ्याच्या बाजूची माणसं. पासष्टीच्या पुढचे गृहस्थ येतात, खुर्चीत बसायच्या आधीच सांगतात, "नंबर वाढलाय. रात्री छाणी रोडला समोरून गाडी आली की काही म्हणजे काही दिसत नाही." मी नंबर काढते. नंबर तोच. मग मी त्यांना सांगते की चष्म्याची चूक नाही. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग थोडं गढूळ होत जातं, मोतीबिंदूची सुरुवात असेल तर आणखी. समोरून आलेला प्रखर उजेड सरळ आत न जाता त्या गढूळपणात पसरतो आणि पडद्यावर उजेडाचा एक पातळ बुरखा चढतो. त्या बुरख्याआडून सायकलवाला, खड्डा, बसलेली गाय काही दिसत नाही. गाडी निघून गेली तरी लगेच सुटका नाही, कारण अंधाराला सरावलेला डोळा एका झटक्यात उजळतो आणि पुन्हा अंधारात मुरायला वेळ घेतो. पुरता मुरायला तर वीस-तीस मिनिटं लागतात. तेवढ्यात पुढची गाडी येते.

मग ते पिवळ्या काचा मागतात. रात्री गाडी चालवायचे चष्मे म्हणून बाजारात त्या सर्रास मिळतात. मी ठेवत नाही. रंगीत काच म्हणजे येणारा उजेड कमी. समोरचा झोत जरा सौम्य वाटतो खरा, पण अंधारातला माणूसही तितकाच कमी दिसतो, आणि मुळात तोच तर दिसायला हवा होता. कोटिंगच्या काचांनी काचेवरची प्रतिबिंबं जातात. समोरच्याचा दिवा जात नाही. मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवते. मोतीबिंदू काढता येतो. समोरच्याचा बल्ब मात्र मला काढता येत नाही.

या सगळ्यातली चमत्कारिक गोष्ट अशी की ज्याला इजा होते त्याला कोणी केली हे कधी कळत नाही, आणि जो करतो त्याला आपण काही केलं हेच कळत नाही. दोघं एकमेकांना तीन-चार सेकंद भेटतात. एकाला फक्त पांढरा गोळा दिसतो, दुसऱ्याला लख्ख रस्ता. तक्रार नाही, ओळख नाही, क्षमा मागायची सोय नाही. आमच्या सोसायटीत आम्ही सात-आठ जणी एकादशीला ज्ञानेश्वरी वाचतो. तिथे मी एकदा विचारलं, असल्या इजेचं पाप लागतं का हो? एक जण पटकन म्हणाली, "जाणूनबुजून केलं तर." दुसरी म्हणाली, "जाणूनबुजून कोण करतं?" त्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही, कारण खरंच, जाणूनबुजून कोण करतं!

आमच्या शेजारचा ऑटो इलेक्ट्रिकवाला करत नाही. भला माणूस आहे. मला बेन म्हणतो, दुकानाचा फ्यूज गेला की पैसे न घेता येतो. गाड्यांच्या दिव्यांत जे कळतं ते मला त्याच्याकडूनच कळलं. एच-फोर नावाचा जुना हॅलोजन बल्ब त्याने एकदा माझ्या भिंगाखाली धरून दाखवला. आत दोन तारा असतात, अप्परची आणि डिपरची, 60 आणि 55 वॅटच्या. डिपरच्या तारेखाली नखाएवढी धातूची वाटी असते. तारेचा खालच्या बाजूचा उजेड ती अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरच्या खालच्या अर्ध्या भागावर तो पडतच नाही आणि वर उधळला जात नाही. रस्त्यावर पडणाऱ्या झोताची वरची कड चाकूने कापल्यासारखी दिसते ती त्या वाटीमुळे. आपण डावीकडून चालतो म्हणून ती कड डाव्या बाजूला थोडी वर चढलेली असते, कडेचा माणूस दिसावा म्हणून, आणि उजवीकडे खाली राहते, समोरचा दिपू नये म्हणून. एवढासा पत्र्याचा तुकडा, पण नियमातला तो डोळा त्याला माहीत आहे.

आता त्याच खोबणीत लोक एलईडीचा बल्ब बसवतात. उजेड देणारी चकती जुन्या तारेच्या नेमक्या जागी येत नाही. आली तरी तिचा आकार निराळा. रिफ्लेक्टर तर त्या तारेच्या मापाने घडवलेला, मग तो जमेल तसा उजेड फेकतो, वर, बाजूला, झाडांत. कंपनीने मुळातच एलईडीचा घडवलेला दिवा असेल तर त्याचं भिंग-रिफ्लेक्टर त्याच्यासाठी केलेलं असतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. एलईडीच्या आधी शंभर-नव्वद वॅटचे हॅलोजन आणि त्यांचं रिले किट होतं, मग एचआयडी आलं. दर वेळी कारण एकच, "बेन, गिऱ्हाइकाला दिसत नाही." कारण खोटं नाही. आमच्या रस्त्यांवर रात्री गाई बसलेल्या असतात. 2022 साली गुजरात विधानसभेने मोकाट गुरांचं विधेयक मंजूर केलं आणि त्याच वर्षी ते मागेही घेतलं. गाई होत्या तिथेच आहेत. बायकामुलांना घेऊन रात्री पावागढहून परतणाऱ्या बापाला काळी म्हैस आधी दिसावी असं वाटलं तर त्यात गुन्हा कुठला? शिवाय समोरून येणारे सगळे पांढऱ्या उजेडाचे, त्यांच्यापुढे आपला पिवळा दिवा विझल्यासारखा वाटतो. म्हणून आपणही बदलतो, आणि आपल्या समोरच्याला बदलायला लावतो.

काही पोरं नुसती दिखाव्यासाठी करतात, तो भाग निराळा. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सांगताना अहिंसेच्या अगदी आधी अदंभित्व, म्हणजे दिखावा नसणं, आलंय. त्या पोरांचं प्रकरण तिथेच मिटतं, त्यांच्यासाठी पुढच्या लक्षणापर्यंत जायला नको.

तर या शेजाऱ्याच्या दुकानात फळीवर पुठ्ठ्याचा एक खोका आहे. त्यात जुने हॅलोजन बल्ब कागदात गुंडाळून ठेवलेत आणि प्रत्येक पुडीवर बॉलपेनने गाडीचा नंबर लिहिलाय, जीजे झिरो सिक्स अमुक तमुक. टॅक्सीवाले, शाळेच्या व्हॅनवाले, टेम्पोवाले. पासिंगची तारीख आली की गाडी येते, पांढरे बल्ब निघतात, पुडीतले बसतात, गाडी पासिंगला जाते, पास होते, संध्याकाळी पुन्हा अदलाबदल. पुडी खोक्यात. मी हसले तर तोही हसला. "बेन, नियम तो पाळला ना? त्या दिवशी तर पाळला."

मला त्याचा खोका आणि माझ्या सासूबाईंचं सोवळं एकदमच आठवलं. देवपूजेपुरतं नेसायचं आणि पूजा झाली की दांडीवर. पण मग जरा थांबले, कारण तो सोवळ्यावर अन्याय होता. सासूबाई रेशमी वस्त्र सोडत, पण ते नेसून जी शिस्त त्यांनी अंगी लावून घेतली होती ती दिवसभर सुटत नसे. उष्टं-खरकटं, बोलणं, हात धुणं सगळ्यात ती दिसायची. खोक्यातल्या बल्बमागे तसलं काही नाही.

मीमांसकांनी कर्मांची एक विभागणी केली आहे ती इथे बरोबर लागू पडते. काही कर्मं काम्य, म्हणजे फळ हवं तर करा, नको तर नका करू. काही नित्य, म्हणजे केली तर वेगळं फळ नाही, पण न केली तर दोष आहे. पासिंग हे काम्य झालंय. फळ आहे फिटनेसचा दाखला. दिव्याचा झोत खाली ठेवणं हे मात्र सरळ सरळ नित्य आहे. दिला डिपर म्हणून कोणी पुण्य देत नाही, आभारही मानत नाही. समोरच्याला कळतही नाही की काही टळलं. नित्यकर्माला काम्याच्या वेळापत्रकात बसवलं की खोका तयार होतो. आणि वेळापत्रक तरी कसं आहे? धंद्याच्या गाडीला नवी असताना दोन वर्षांनी आणि मग ठरलेल्या मुदतीने फिटनेस करून घ्यावा लागतो. आपल्या घरच्या मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. मधल्या काळात पीयूसी सोडली तर तिला कोणी तपासणीला बोलवत नाही. पंधरा वर्षांनी एकदा तपासणी आणि पुढची पाच वर्षं. रस्त्यात अडवून दंड करता येतो, 2019 च्या दुरुस्तीने गाडीत परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. पण रात्री अकरा वाजता छाणी जकातनाक्यापुढे प्रत्येक दिव्याच्या पुढे आठ मीटरवर कोण उभा राहणार? 2021 मध्ये स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम आले. तिथे झोताचा कोन यंत्र मोजतं, माणसाच्या नजरेवर सोडत नाहीत. चांगलंच आहे. पण यंत्रालाही पुडीतलाच बल्ब दिसणार.

म्हणजे पंधरा वर्षं माणूस दिव्यापुरता कायद्यातून जवळजवळ मोकळा आहे. त्या पंधरा वर्षांत जे उरतं ते फक्त धर्माचं. माझा प्रश्न तिथून सुरू होतो: दिवा लावून रस्ता बघणं हा धर्माचा विषय होऊ तरी शकतो का? बघणं ही कृती कुठे आहे? मी कोणाला हात लावला नाही, काही बोलले नाही, नुसतं पाहिलं.

डोळ्यांचं शास्त्र शिकलेली मी, तर मला पहिल्यांदा हेच शिकवलं की डोळा काही बाहेर पाठवत नाही. उजेड वस्तूवरून येतो, आपण तो घेतो. आपल्याकडच्या नैयायिकांचं मत उलट होतं. त्यांच्या मते डोळा तेजाचा बनलेला, त्यातून किरण निघतो, वस्तूपर्यंत जातो, तिला स्पर्श करतो आणि मग दिसतं. जैन आणि बौद्धांनी हे कधी मान्य केलं नाही. न्यायसूत्रांत या मताचा एक पुरावा दिलाय तो मोठा गमतीचा आहे: रात्री फिरणाऱ्या प्राण्यांच्या डोळ्यांतले किरण दिसतात, म्हणून डोळ्यांत किरण असतात. मांजराचे डोळे चमकतात ते खरंच, पण आपल्याला आता माहीत आहे की त्यांच्या पडद्यामागे आरशासारखा थर असतो आणि बाहेरचा उजेडच तो परत फेकतो. शिकत असताना मी या नैयायिकांना हसले होते.

आता वाटतं, दिवसा ते चुकतात, पण रात्री गाडीत बसल्यावर त्यांचं अक्षरशः खरं होतं. माझ्या पुढून किरण निघतो, शंभर मीटर जातो, गाईला लागतो, झाडाला लागतो, माणसाला लागतो, आणि मग मला दिसतं. माझी नजर बाहेर पडून दुसऱ्याच्या अंगावर जाते. त्याचे डोळे चमकले तर तो चमकणारा उजेड माझाच असतो. दिवसा मी कितीही टक लावून पाहिलं तरी समोरच्याच्या बाहुलीवर त्याचा काही परिणाम नाही. रात्री माझं पाहणं त्याच्या बाहुलीला बारीक करतं, त्याचं पाहणं काही क्षण बंद पाडतं. तेव्हा रात्री गाडीतून पाहणं ही कृती आहे, हात उचलण्याइतकीच. आणि कृती आहे म्हटल्यावर ती धर्माच्या कक्षेत आली. मला या सगळ्यात सांगायचंय ते इतकंच, बाकीचं त्याच्यामागून येतं.

ज्ञानदेवांना हे सातशे वर्षांपूर्वी कुठल्याही हेडलाइटशिवाय कसं सुचलं हा माझ्यापुढचा खरा अचंबा. तेराव्या अध्यायात अहिंसेवर त्यांनी शंभरेक ओव्या खर्चल्या आहेत. (सुरुवातीला पूर्वमीमांसकांच्या अहिंसेची चांगली खिल्ली उडवली आहे, ज्यांचा आधार मी आत्ताच घेतला. चालायचंच.) अहिंसक माणूस चालतो कसा, पाऊल किती हलकं टाकतो, बोलतो कसा, हे सांगता सांगता ते त्याच्या नजरेवर येतात. तो माणूस सहसा कोणाकडे बघतच नाही, म्हणतात. का, तर प्राणिमात्रांत ती परमवस्तू भरलेली आहे आणि आपली नजर तिला न जाणो रुतेल! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे फार झालं असं वाटलं होतं, कवीचा लाड. नजर कधी रुतते का? आता छाणी रोडवर रोज रुतताना बघते. पुढे ते म्हणतात की क्वचित पाहिलंच तर चंद्रासारखं पाहतो. चंद्रातून काही धार निघताना दिसत नाही, पण चकोर पोसला जातो. कासवीच्या पिलांवरच्या नजरेलाही मागे टाकणारी ती नजर. म्हणजे बघायचं नाही असं ते म्हणत नाहीत. ज्याच्याकडे पाहिलं त्याला त्या पाहण्याने काही कमी होऊ नये, एवढीच अट. माझ्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर दोघांनाही दिसलं पाहिजे.

आणि तेज आवरायला सांगणं हे काही अनादराचं नाही. ईशावास्यातला ऋषी साक्षात सूर्याला सांगतो की तुझे किरण आवर, तेज गोळा कर, म्हणजे मला तुझं रूप दिसेल. अकराव्या अध्यायात अर्जुनाला तर दिव्य दृष्टी मिळालेली असते, तरी तो हजार सूर्यांच्या त्या तेजापुढे थरथरतो आणि पहिलंच सौम्य रूप दाखव म्हणून विनवतो. देव काय करतो? लगेच दाखवतो. "मला माझं विश्वरूप नीट दिसत होतं, तुझं तू बघ," असं म्हणत नाही.

निजामपुऱ्यातून उत्तरेला निघालं की छाणी येतं. जैन दीक्षांसाठी हे गाव नावाजलेलं, जुन्या हस्तलिखितांचं भांडार तिथे आहे. चातुर्मास सोडला तर पहाटे या रस्त्याने साध्वीजी महाराज विहाराला निघालेल्या दिसतात, चार-पाच जणी, पांढरी वस्त्रं, अनवाणी, हातात दांडा. पुढे चार हात जमिनीवर नजर ठेवून चालायचं असा त्यांचा दंडक, पायाखाली जीव येऊ नये म्हणून. त्यांच्यात अग्नीचेही जीव मानतात, म्हणून जवळ दिवा ठेवत नाहीत. विहार सेवेतली तरुण मुलं कधी बरोबर असतात, चमकत्या पट्ट्यांची जाकिटं घालून, कारण विहारात साधू-साध्वी गाडीखाली सापडल्याच्या बातम्या पुन्हा पुन्हा येतात. शंभर मीटर पाहणारा आणि चार हात पाहणारी एकाच रस्त्यावर समोरासमोर येतात तेव्हा त्या आठ मीटरवरच्या डोळ्याचं मला काही नवल वाटेनासं होतं. तो डोळा म्हणजे ही बाईच.

माझ्या एकादशीच्या मैत्रिणींना जे उत्तर मिळालं नव्हतं ते या जैन परंपरेत आहे. उमास्वातींनी हिंसेची व्याख्या करताना नुसता प्राणघात म्हटलं नाही. प्रमादाने झालेला प्राणघात म्हटलं. कुंदकुंदाचार्य त्याही पुढे जातात. बेसावधपणे वागणाऱ्याला हिंसा लागलीच, जीव मरो वा न मरो. आणि सावधपणे चालणाऱ्याच्या पायाखाली चुकून जीव गेला तरी नुसत्या त्या मरणाने त्याला बंध नाही. मुद्दाम केलं का, हा आमचा प्रश्नच त्यांनी बाजूला ठेवला. कोणी दिपलं का, हाही. त्यांचा प्रश्न एकच, सावध होतास का? नियमाचंही तेच आहे. कोणी खरोखर दिपेपर्यंत तो थांबत नाही. दिपवू शकेल असा झोत असला की झालं. पावागढहून परतणाऱ्या त्या बापाला मुद्दाम हिंसा करायची नाही, हे मी मानते. पण गाडीत पाच माणसं आणि मागे सामान भरलं की गाडीचं नाक वर उठतं आणि झोतही उठतो, त्यासाठी बहुतेक मोटारींत स्टिअरिंगच्या बाजूला शून्य ते तीन आकड्यांची एक चकरी दिलेली असते, ती त्याने कधी फिरवलेली नसते. ती कशाची आहे असं मी दुकानात आलेल्या गाडीवाल्यांना विचारते. कोणी एसीची सांगतं. प्रमाद म्हणतात तो हा.

इथे एक आक्षेप घ्यायला हवा आणि मी तो स्वतःशी बरेचदा घेतला आहे. कुंदकुंदांचं हे मुनीसाठी आहे. मुनीने गाडी चालवायचीच नाही, त्यामुळे त्याला सोपं. गृहस्थाला जैनांनीही सवलत दिली आहे: स्वयंपाकात, धंद्यात, स्वतःच्या बचावात होणारी हिंसा त्याला पूर्ण टाळता येणार नाही हे मान्य केलंय, मनात आणून केलेली तेवढी सोडायला सांगितलंय. मग रात्रीचा दिवा त्या सवलतीत का नाही? दिवा आहे, हे मी मानते. घरी जायचं तर दिवा लागणारच आणि त्याचा थोडा त्रास कोणाला होणारच. पण सवलत जेवढ्यावाचून चालत नाही तेवढ्याची असते. वाटी काढून टाकणं तिच्यात बसत नाही.

नव्या महागड्या गाड्यांत यावर तोडगा निघालाय म्हणे, आणि निघालाय खराच. कॅमेरा समोरची गाडी ओळखतो आणि झोतातला तेवढाच तुकडा काळा करतो, बाकीचा रस्ता उजळ राहतो. डिपर द्यायचं माणसाच्या हातात राहतच नाही. मला हे आवडतं. जे काम माणूस विसरतो ते यंत्राने केलं तर चांगलंच, त्याचं पुण्य कोणाला हा प्रश्न मला छळत नाही. छळतो तो दुसराच. कॅमेरा समोरच्याला ओळखतो तो मुख्यतः त्याच्या दिव्यांवरून. आपणही तसेच. समोरून दिवे आले की डिपर देतो, दिवे गेले की अप्पर. ज्याच्याजवळ दिवा आहे त्याचा मान राखला जातो. कडेने बिनदिव्याची सायकल, पायी बाई, साध्वी, यांच्यासाठी डिपर देणारा मी तरी क्वचितच पाहिलाय. नियमात मात्र समोरची गाडी असा शब्द नाही, कोणीही माणूस असं आहे. तो नियम आमच्या सगळ्या सभ्यपणापेक्षा पुढे आहे असं मला वाटतं, आणि सरकारी नियमाबद्दल असं म्हणायची वेळ माझ्यावर फारशी येत नाही.

शेजाऱ्याला मी हे सगळं एका बैठकीत ऐकवलं नाही. ऐकला नसता. खंडेनवमीला तो टेस्ट लॅम्प, मीटर, पकडी मांडून त्यांना हळदकुंकू वाहतो, तेव्हा मी इतकंच विचारलं की झोत लावायची भिंत कुठे गेली? पूर्वी त्याच्या दुकानासमोरच्या भिंतीवर खडूची आडवी रेघ असे, गाडी ठरल्या अंतरावर उभी करून रेघेवर झोत बसवायचा. भिंत रंगवली तेव्हा रेघ गेली. "आता कोणी मागत नाही बेन," म्हणाला. मग म्हणाला, समोरचे सगळे पांढरे लावून येतात, मी एकट्याने गिऱ्हाइकाचा खाली केला तर गिऱ्हाइक मेलं. आधी त्यांना सांगा.

हे आधी-त्यांना-सांगा आमच्या वाचनातही निघालं. समोरच्याने अप्पर मारला तर आपण काय करायचं? एक मैत्रीण रोज गोरव्याला स्कूटरवरून जाते. ती म्हणाली, मी पण मारते, समजतं त्याला. समजत असेल. पण तिचा झोत त्याच्या एकट्याच्या डोळ्यांत जाऊन थांबत नाही. त्याच्या मागे जो स्कूटरवाला आहे त्याने कोणाचं काय केलं होतं? नियमाने समोरच्याच्या वागणुकीची अट घातलेली नाही. ज्ञानदेवांनीही नाही.

ती ऐकून घेणाऱ्यातली नाही. म्हणाली, "दिपलेल्यालाच शहाणपण शिकवायचं, हे बरंय तुमचं." तिचं चुकत नव्हतं. दिपलेल्या माणसाला मी एवढंच सांगू शकते की झोताकडे न बघता रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर नजर ठेव, वेग कमी कर. हे डोळ्याचं झालं. मनाचं काय, ते विचारायला तिने पोथी पुढे ओढली आणि पान उलटलं. गीतेच्या त्या यादीत अहिंसेच्या पुढचं लक्षण क्षांती, म्हणजे सहनशीलता, आहे. तिने ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली की हे आधी त्याला वाचायला लावा. मी म्हटलं, त्याला अहिंसेचं पान, तुला हे. आमचं अजून जमलेलं नाही.